ब्लू-रे डिस्कची घरी प्रत काढताना या चुका टाळा

ब्लू-रेच्या प्रती बिघडतात त्या बहुतेक वेळा ‘बर्न’चं बटण दाबायच्या आधी, नाहीतर डिस्क बाहेर आल्यावर. प्रत्यक्ष लिहिताना फारसं काही चुकत नाही. इथे विषय आहे स्वतःच्या डिस्कचा: घरचं चित्रीकरण, फोटो, कामाच्या फायली. विकत घेतलेल्या चित्रपटांवर एएसीएस या कॉपी-संरक्षणाचं कुलूप असतं आणि चावीचा एक भाग डिस्कवर अशा जागी असतो, की घरच्या राइटरला तिथे लिहिताच येत नाही. त्यामुळे अशा डिस्कची जशीच्या तशी प्रत चालत नाही. कुलूप तोडणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, म्हणून तो भाग इथे घेतलेला नाही.

डिस्कवरून थेट डिस्कवर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मूळ डिस्कवर एक सेक्टर (माहितीचा छोटा तुकडा) अडला की लिहिणं मध्येच थांबतं आणि बीडी-आर ही कोरी ब्लू-रे एकदाच लिहिता येत असल्यामुळे कोरी डिस्क वाया जाते. आधी हार्ड डिस्कवर पूर्ण आयएसओ इमेज (आख्ख्या डिस्कची एकाच फायलीतली नक्कल) काढा, ती तपासा, मगच लिहायला घ्या. इमेज ठेवायची ती हार्ड डिस्क एफएटी३२ या जुन्या फाइल सिस्टीमची असेल तर फाइल ४ जीबीला अडते. गंमत म्हणजे तेव्हा ‘जागा अपुरी’ असा संदेशही येऊ शकतो आणि लोक भरपूर जागा असलेली डिस्क रिकामी करत बसतात. एनटीएफएस किंवा एक्सएफएटी वापरा.

मूळ डिस्क वाचताना ड्राइव्ह कुरकुरू लागली, वेग एकदम पडला, तर आधी डिस्क पुसा. मऊ मायक्रोफायबर घ्या, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. टूथपेस्ट किंवा पॉलिश मात्र अजिबात नको. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिमी प्लास्टिकखाली असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिमीखाली. डीव्हीडी ज्या घासण्यात वाचते, त्याच घासण्यात ब्लू-रे कायमची जाते.

पुसूनही वाचत नसेल तर साधा कॉपी प्रोग्राम सोडा आणि खराब डिस्कवरून माहिती वाचवणारा डीडीरेस्क्यू घ्या. सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्या. पहिल्या फेरीत अडलेले भाग ओलांडून बाकीचं सगळं उचलून घ्या, दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या सेक्टरांवर तीनेक वेळा प्रयत्न करू द्या. हा प्रोग्राम काय वाचलं आणि काय राहिलं याची मॅप फाइल ठेवतो. ती दिली नाही तर कुठवर आलो हे त्याला कळत नाही. शेवटी काही सेक्टर उरलेच, तर तीच इमेज आणि तीच मॅप फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालवा. एका ड्राइव्हला न वाचलेले सेक्टर दुसरी अनेकदा वाचते.

‘मावत नाही’

२५ जीबीच्या डिस्कवर २५,०२,५३,१४,८१६ बाइट मावतात. विंडोज तेच १०२४च्या हिशेबाने २३.३ जीबी दाखवतं आणि ५० जीबीची दुहेरी थराची डिस्क ४६.६ दाखवते. डिस्क खोटी नाही, मोजमाप वेगळं आहे. पण दुसरंही एक कारण असतं. काही प्रोग्राम, विशेषतः लिनक्सवरचा ग्रोआयसोएफएस, न विचारता खराब सेक्टरांसाठी राखीव जागा काढून ठेवतात. मग काठोकाठ भरलेली इमेज मावत नाही. शिवाय ड्राइव्ह लिहिलेलं तिथल्या तिथे तपासत जाते, म्हणून वेगही साधारण निम्म्यावर येतो. राखीव जागा बंद केली की दोन्ही अडचणी सुटतात. मात्र मग पडताळणी तुम्हालाच करायची.

संगणकावर चालते, टीव्हीजवळच्या प्लेयरवर नाही

पहिली शंका घ्यायची ती म्हणजे आयएसओ फाइल ओढून डिस्कवर टाकली असावी. डिस्क उघडल्यावर आत एकच आयएसओ दिसली तर तेच झालंय. ‘इमेज फाइल डिस्कवर लिहा’ हाच पर्याय निवडायला हवा. फोल्डरवरून डिस्क बनवत असाल तर बीडीएमव्ही हा व्हिडिओचा फोल्डर सगळ्यात वरच्या पातळीवर हवा, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या पोटात नको. फाइल सिस्टीम यूडीएफ २.५० निवडा. विंडोजचा ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरा’ हा पर्याय प्लेयरसाठी निरुपयोगी आहे. हे सगळं नीट असूनही डिस्क चालली नाही, तर प्लेयरच्या माहितीपुस्तिकेत बीडी-आर आणि बीडी-आरई (पुन्हा लिहिता येणारी) चालतात का ते पाहा. जुन्या प्लेयरना घरी लिहिलेल्या डिस्क झेपतातच असं नाही.

मध्येच बंद पडलं

लॅपटॉपला जोडलेली बारकी ड्राइव्ह वाचते छान, पण लिहायला लागली की गायब होते. असं झालं तर वीज कमी पडतेय. यूएसबी २.०च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर आणि ३.०ला ९०० मिलिअँपिअर इतकीच हमी असते. लिहिताना लेझर आणि मोटर मिळून त्याहून जास्त मागू शकतात. हब काढून थेट पोर्टला जोडा, किंवा दोन तोंडांची केबल वापरा. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ (लेझरची ताकद जुळवता न आल्याची चूक) आली तर हेच कारण आधी तपासा, मग डिस्कचा ब्रँड बदलून पाहा.

५० जीबीची डिस्क दर वेळी बरोबर मध्यावर, २५ जीबीच्या आसपास अडत असेल, तर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना घोटाळा होतोय. वेग एक पायरी उतरवा. ब्लू-रेचा १x म्हणजे सेकंदाला ४.५ एमबी, म्हणून २५ जीबीला ४xने साधारण २३ मिनिटं लागतात. ६xच्या डिस्कला ४x चांगला. अगदी १xवर उतरल्याने प्रत जास्त चांगली होते, हा समज सोडा. ड्राइव्हची जुळवाजुळव त्या वेगासाठी केलेली असेलच असं नाही. इमेज वायफायवरच्या दुसऱ्या यंत्रावर असेल तर ती आधी आपल्या हार्ड डिस्कवर आणा.

बीडी-आरला लटकं लिहून पाहायची सोय नसते. सराव करायचा तर बीडी-आरई घ्या, ती पुसून पुन्हा लिहिता येते. कोऱ्या डिस्क घेताना खोक्यावर ‘एलटीएच’ असेल तर दीर्घकाळच्या साठ्यासाठी टाळा. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्य असतं आणि ते उजेड-उष्णतेने लवकर बिघडू शकतं. सोनीने लिहिण्याच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं, त्यामुळे जुना साठा घेताना तो कुठे आणि कसा पडून होता हेही विचारा.

‘यशस्वी’ दिसलं म्हणून डबीत टाकली

‘लिहून झालं’ म्हणजे ‘वाचता येतं’ असं नव्हे. डिस्क बाहेर काढून पुन्हा आत घाला, नाहीतर काही माहिती संगणकाच्या स्मृतीतून वाचली जाते. मग सगळ्या फायली इमेजशी ताडून पाहा, जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर. आख्ख्या डिस्कचा एसएचए-२५६ हॅश (माहितीवरून काढलेला ओळख-आकडा) इमेजशी जुळला नाही तर घाबरू नका. बीडी-आरवर ६४ केबीच्या तुकड्यांत लिहिलं जातं, म्हणून शेवटचा तुकडा पुरा करायला रिकामी भरणी येऊ शकते. इमेजच्या लांबीइतकेच बाइट वाचून हॅश काढा. तोही जुळला नाही तर प्रत खरोखर चुकलीय.

चिकटवायचं लेबल लावू नका. तोल गेला की वेगात फिरणारी डिस्क थरथरते. डिस्कसाठीच्या पाण्याच्या शाईच्या पेनाने वरच्या बाजूला लिहा आणि डिस्क डबीत उभी, उन्हापासून दूर ठेवा. वर्षातून एकदा ती पूर्ण वाचून बघा. वेग अडखळू लागला की लगेच नवी प्रत काढा. इमेज हार्ड डिस्कवर जपून ठेवली असेल, तर त्यासाठी मूळ डिस्कला हातही लावावा लागत नाही.