शिसवी पेटीवरचं उचललेलं जडावकाम कसं बसवलं

साताऱ्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. या ओढाताणीत जुना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा चिकटा) तडकतो आणि झाकणावर खाचेत बसवलेली फिक्या लाकडाची फुलं-पानं, म्हणजेच जडावकाम, कडेनं उचलतात. उचललेल्या कडेखाली कोमट पाण्याचा एक थेंब सोडला. बोटाला चिकट लागलं, म्हणजे सरसच. मग फेव्हिकॉल नकोच. जुन्या सरसावर तो नीट धरत नाही आणि पुढे कुणाला तुकडा सोडवायचा झाला तर नक्षी फुटते.

सरसाचे खडे दुप्पट वजनाच्या थंड पाण्यात रात्रभर भिजवले, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत तापवले. उकळी आली की सरसाची ताकद जाते. खाचेतला जुना थर ओल्या ब्रशनं काढून तुकडा बसवला, वर बटर पेपर, लाकडी ठोकळा आणि क्लॅम्प, २४ तास.

हरवलेल्या पाकळ्यांसाठी खाचेवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप हळदू या फिक्या पिवळसर लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक करवतीनं कापला. लाकडाच्या रेषांची दिशा शेजारच्या पाकळीसारखीच हवी, नाहीतर पॉलिशनंतर तुकडा वेगळाच चमकतो. तुकडा किंचित वर ठेवून नंतर स्क्रेपरनं (धारदार पोलादी पट्टीनं) समतल केला. इथे पॉलिश पेपर अजिबात नको: शिसवीची काळी भुकटी हळदूच्या छिद्रांत बसते, ती निघत नाही.

शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो. म्हणून आधी फक्त फिक्या तुकड्यांवर बारीक ब्रशनं पातळ चपडा (लाखेचं पॉलिश) लावला (१०० मिली स्पिरिटला १० ग्रॅम), तो वाळल्यावरच सगळ्या झाकणावर चपड्याचा कापडी बोळा फिरवला.