आधी कार्डाची मागची बाजू वाचा: चित्रपटांच्या खेळण्यांच्या खेपा कशा नोंदवाव्यात

‘स्टार वॉर्स’मधल्या ल्यूक स्कायवॉकरची, केनर या अमेरिकन खेळणी कंपनीची पावणेचार इंची फिगर (पात्राची छोटी प्लास्टिकची बाहुली) हातात घ्या आणि पायाच्या मागे बघा. बारीक अक्षरांत १९७७ कोरलेलं दिसेल. नवा संग्राहक लगेच वहीत लिहितो, ‘१९७७ ची फिगर’. इथेच पहिली चूक होते. ‘स्टार वॉर्स’ मे १९७७ मध्ये अमेरिकेत लागला, पण केनरची खेळणी तेव्हा तयारच नव्हती. त्या वर्षीच्या नाताळात कंपनीने पुठ्ठ्याच्या पाकिटात एक प्रमाणपत्र विकलं. ते भरून पाठवलं की ल्यूक, लिया, च्युबाका आणि आर२-डी२ टपालाने घरी येणार, असा तो व्यवहार होता. मुलांच्या हातात ही चौकडी पडली १९७८ मध्ये. पायावरचं साल हे कॉपीराइटचं साल आहे. पुढे ल्यूकची हीच फिगर ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आणि ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या पुढच्या चित्रपटांच्या कार्डांवरही (कार्ड म्हणजे फिगर ज्यावर बसवून विकत तो छापील पुठ्ठा) विकली गेली, आणि पायावर साल तेच राहिलं.

म्हणून खेपांची नोंद करायची तर चित्रपटाचं साल बाजूला ठेवा. खेप, म्हणजे संग्राहकांच्या बोलीतली ‘वेव्ह’, हा एकाच सुमारास दुकानांत उतरलेला माल असतो. तिचा माग वस्तूवरूनच काढावा लागतो. पुढची बहुतेक उदाहरणं केनरच्या १९७८ ते १९८५ या मालिकेतली आहेत. ही पद्धत शिकायला यापेक्षा चांगली मालिका मला माहीत नाही.

पायरी १: एका वस्तूच्या तीन नोंदी करा

फिगर, तिच्यासोबतची शस्त्रं-कपडे आणि कार्ड, तिन्हींना वेगळे रकाने द्या. एकत्र लिहिलंत की पुढे काहीच सोडवता येत नाही. जावा या झगेवाल्या बुटक्या पात्राचंच बघा. सुरुवातीच्या जावाला व्हिनाइलचा झगा होता, थोड्याच काळात तो बदलून कापडी केला. व्हिनाइलवाला दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे बेन केनोबीचा व्हिनाइल झगा कापून जावाला चढवण्याचे उद्योगही झाले. फिगर अस्सल आणि झगा दुसऱ्याचा, ही गोष्ट एकाच रकान्यात कशी मांडणार? ल्यूक, बेन आणि डार्थ व्हेडर यांच्या अगदी पहिल्या मालात लाइटसेबर दोन टप्प्यांत लांब होणारी होती, नंतर ती एका टप्प्याची झाली. अशी तलवार हातातून खेचून मोडू नका. शंका असेल तर फोटो काढून जाणत्याला दाखवा.

पायरी २: मागच्या फिगर मोजा

खरी चावी इथे आहे. प्रत्येक कार्डाच्या मागे त्या वेळी मिळणाऱ्या फिगरचे फोटो छापलेले असत. मालिका वाढली तसा आकडा वाढला, आणि संग्राहकांनी त्यावरूनच कार्डांना नावं दिली. पहिल्या १२ फिगरची कार्डं ‘बारा-बॅक’. मग ग्रीडो, हॅमरहेड, वॉलरस मॅन वगैरे ८ जण आले आणि ‘वीस-बॅक’ झालं. बोबा फेट आला, ‘एकवीस-बॅक’. १९८० च्या ‘एम्पायर’च्या कार्डांवर आकडा ४८ पर्यंत गेला, १९८३ च्या ‘जेडाय’वर ७९ पर्यंत, आणि १९८५ च्या ‘पॉवर ऑफ द फोर्स’ कार्डांवर ९२. या शेवटच्या कार्डांत फिगरसोबत एक नाणंही येई.

आकडा कार्डावरून स्वतः मोजा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. मग मजकूर वाचा. एकाच आकड्याच्या कार्डांतही जाहिरात वेगळी, एखादी ओळ वेगळी, टपालाने मिळणाऱ्या भेटीची माहिती वेगळी असते. संग्राहक या फरकांना ए, बी, सी अशी अक्षरं देतात. ही अक्षरं कंपनीने कुठे छापलेली नाहीत, अभ्यासकांनी ठरवलेली आहेत. म्हणून वहीत अक्षरासोबत तो फरकही शब्दांत लिहून ठेवा.

नावंही बघा. पहिल्या बारांतला ‘डेथ स्क्वॉड कमांडर’ नंतरच्या कार्डांवर ‘स्टार डिस्ट्रॉयर कमांडर’ झाला. फिगर तीच. नोंदवहीत मात्र नाव त्या कार्डावर छापलं आहे तेच हवं, आणि शेजारी ‘हाच तो’ असा दुवा.

पायरी ३: कार्डावर कधीच न आलेल्यांना जागा ठेवा

सगळा माल कार्डावरून आला नाही. स्नॅगलटूथची निळ्या पोशाखाची उंच, बूट घातलेली फिगर फक्त सिअर्स या दुकानसाखळीच्या कँटीना संचात मिळाली. कार्डावर आला तो लाल पोशाखातला, बुटका. निळा कार्डावर शोधत बसाल तर आयुष्य जाईल. बोबा फेट आधी टपालाने यायचा होता, पाठीवरून क्षेपणास्त्र उडवणारा. ते उडतं यंत्र सुरक्षिततेपायी रद्द झालं आणि मुलांना घट्ट बसवलेल्या क्षेपणास्त्राची फिगर मिळाली. म्हणजे ‘कसा मिळाला’ हाही एक रकाना लागतो: कार्ड, संच, टपाल.

देशाचाही रकाना ठेवा. ब्रिटनमध्ये पॅलिटॉय, मेक्सिकोत लिली लेडी, अशा वेगवेगळ्या कंपन्यांनी हीच पात्रं विकली. युरोपात एकाच कार्डावर तीन भाषांत चित्रपटाचं नाव छापलेली ‘ट्राय-लोगो’ कार्डं आली. याक फेस ही फिगर तर अमेरिकेच्या दुकानांत आलीच नाही. अमेरिकेचा क्रम इतर देशांना जसाच्या तसा लावू नका.

पायरी ४: नव्या मालिकांत छापील क्रमांक शोधा

१९९५ मध्ये केनरने मालिका पुन्हा सुरू केली तेव्हा काम सोपं झालं. कार्डाच्या मागे तळाशी एक लांब क्रमांक असतो आणि त्यात टिंबानंतर .००, .०१ असे आकडे. छपाई बदलली की हा शेवट वाढतो. पूर्ण क्रमांक उतरवा. त्या काळातही लाइटसेबर आधी लांब होती, मग आखूड झाली. काही पाकिटांत आखूड तलवार लांब तलवारीच्या खाचेत बसलेली दिसते.

एक सापळा मात्र आहे. १९९७ च्या हिरव्या कार्डांवर ‘कलेक्शन १, २, ३’ असं छापलेलं असतं. तो पात्रांचा गट आहे, खेप नव्हे. आणि चित्रपटाच्या तारखेवर तर विसंबूच नका. १९९९ च्या ‘एपिसोड वन’ या स्टार वॉर्स चित्रपटाची खेळणी ३ मेच्या मध्यरात्री अमेरिकेतल्या दुकानांत विकायला लागली, चित्रपट लागला १९ मेला.

पायरी ५: पाहिलेलं आणि मानलेलं वेगळं लिहा

मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सुट्या फिगरचं कार्ड गेलेलं असतं, तेव्हा तिची खेप आपण अंदाजाने ठरवतो. तो अंदाज पेन्सिलीने लिहा किंवा एक्सेलमध्ये वेगळ्या रंगात ठेवा. पुढून, मागून आणि पायावरच्या अक्षरांचा असे तीन फोटो काढा. क्रमांकाची चिठ्ठी पिशवीत टाका. कार्डावर काहीही चिकटवू नका. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

नोंद साधारण अशी दिसावी:

क्रमांक १४. जावा, सुटी. पाहिले: कापडी झगा, पायावर १९७७, बंदूक नाही. कसा मिळाला: कार्ड, संच की टपाल, माहीत नाही; इतर फिगरसोबत जुन्या मालात आला. मानले: बारा-बॅकपासूनची कुठलीही खेप; झगा मूळचा की बदललेला, तपासायचं आहे.