सेल्फ दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

भांडुपच्या आमच्या सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पंपापुरता. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, रुसला. बटण दाबलं की नुसतं ‘टक्’. सेक्रेटरी म्हणाले, “नवाच टाका, कटकट नको.”

आधी मल्टिमीटर लावला. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी दहा-अकरापर्यंत उतरायला हवी. इथे ती साडेबारावरून हलेना. म्हणजे बॅटरी ठणठणीत, करंटच पुढे जात नव्हता. अर्थच्या केबलचं टोक हिरवं पडलं होतं (खाडीची हवा!), ते घासून घट्ट केलं. फरक थोडाच.

मग सेल्फ उतरवून कुर्ल्याच्या मिस्त्रीकडे नेला. कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजून झिजून स्प्रिंग जवळजवळ होल्डरला टेकलेली. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळाठिक्कर, पण पट्ट्या जागच्या जागी. मागचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) लंबगोल झालेला, तरी आर्मेचर (आतला फिरणारा भाग) भोवतीच्या चुंबकी पोलला घासल्याची चकाकी कुठेच नव्हती. ती दिसली असती किंवा वाइंडिंगला जळका वास असता, तर मी सरळ नवाच घेतला असता.

“आर्मेचर चांगलंय दादा, बाजारातला डुप्लिकेट घेऊ नका,” मिस्त्री म्हणाला. मलाही पटलं. कार्बन, बुश नवे. कम्युटेटरला लेथवर हलका हात, पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खाली. इंजिनाला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे, म्हणजे बेंडिक्सचे, दात कडेला तुटलेले, तोही बदलला. बसवण्याआधी इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, हाताने फिरवून त्याच्या कडेच्या रिंग गिअरचे (ज्यात बेंडिक्स अडकतो) दात पाहिले, नाहीतर नवा बेंडिक्सही तसाच खाल्ला गेला असता. खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी. आता अर्ध्या सेकंदात इंजिन उचलतो.