विंडोज उठत नाही आणि स्क्रीन रीडर गप्प : बोलणारा रेस्क्यू पेनड्राइव्ह कसा बनवायचा, कसा वापरायचा

लॅपटॉपचं बटण दाबलं, पंखा फिरला, आणि मग काहीच नाही. विंडोजचा तो ओळखीचा आवाज नाही, स्क्रीन वाचून दाखवणारा एनव्हीडीएही नाही. डोळस माणसाला निदान स्क्रीनवर काय एरर आलाय ते वाचता येतं, आपल्याला मशिन मेलंय का नुसतं अडकलंय हेही कळत नाही. माझं असं झालं तेव्हा मी लॅपटॉप दुकानात नेला, त्याने पाच मिनिटांत सांगितलं की फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल. आत शाळेच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स होत्या. मी लॅपटॉप तसाच घरी आणला आणि त्या रात्री सगळ्या फाइल्स स्वतः काढल्या, कोणालाही शेजारी न बसवता. ते जमलं कारण ड्रॉवरमध्ये बोलणारा पेनड्राइव्ह आधीपासून तयार होता. तो कसा करायचा ते सांगते.

आधी कोणती सिस्टिम घ्यायची ते बघू. मी आर्च लिनक्सची आयएसओ फाइल (म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) वापरते. लिनक्स इन्स्टॉल करायचं नाहीये, नाव ऐकून घाबरू नका, ती नुसती पेनड्राइव्हवरून चालते आणि आपण सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कला हात लावत नाही. पूर्वी अंध लोकांसाठी टॉकिंग आर्च नावाची वेगळी आवृत्ती निघायची, पण २०२१ पासून बोलण्याची सोय मूळ आयएसओमध्येच आहे आणि दर महिन्याला नवीन फाइल येते. स्क्रीन वाचायचं काम स्पीकअप करतो, जो लिनक्सच्या कर्नलचाच, म्हणजे गाभ्याचाच, भाग आहे, आणि आवाज ईस्पीकचा, म्हणजे एनव्हीडीएमध्ये मिळतो तोच. त्यामुळे कान लगेच सरावतात.

एक अडचण मात्र आहे. आर्चची आयएसओ सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होण्यापासून रोखणारी सोय) चालू असताना सुरूच होत नाही, तो बायोसमधून (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमधून) बंद करावा लागतो, आणि बायोस बोलत नाही. शिवाय विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की आजच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून सेव्ह करून ठेवा, त्याच लॅपटॉपवर नको, फोनमध्ये किंवा ब्रेलमध्ये लिहून. बायोसला हातच लावायचा नसेल तर डेबियनची गनोमवाली लाइव्ह आयएसओ घ्या, ती सिक्युअर बूटसकट चालते. मेनूवर पहिलाच पर्याय लाइव्ह सिस्टिमचा असतो म्हणून नुसता एंटर, मग डेस्कटॉप यायला दोनेक मिनिटं थांबा आणि विंडोज की, ऑल्ट, एस एकत्र दाबा की ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर बोलायला लागतो. माउस न वापरता फाइल मॅनेजरमध्ये कॉपी पेस्ट करता येतं. नवख्या माणसाला मी हेच सुचवीन. पण जुन्या, कमी रॅमच्या मशिनवर ते रखडतं, आणि तिथे आर्चच बरा.

आर्चला पेनड्राइव्ह ४ जीबीचा पुरतो. विंडोजवर रूफस (आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारा प्रोग्राम) उघडा, टॅबने फिरत आयएसओ निवडा आणि स्टार्ट दाबल्यावर कोणत्या पद्धतीने लिहायचं विचारलं तर डीडी इमेज निवडा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून दुसरे सगळे ड्राइव्ह आधी काढून ठेवा, मी एकदा चुकीचा ड्राइव्ह निवडणार होते आणि थोडक्यात वाचले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मशिन चांगलं चालतंय तेव्हाच तालीम करा. बायोसमध्ये यूएसबी पहिल्या नंबरवर ठेवून घ्या, त्यासाठी घरातल्या कोणाची तरी मदत घ्या किंवा बी माय आइज (डोळस स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लावायचं अ‍ॅप) वर कॉल लावून कॅमेरा स्क्रीनकडे धरा. हे काम एकदाच करायचंय. ते केलं की पुढे पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं तरी पुरतं, एफ १२ का एफ ९ का एस्केप ही शोधाशोध करावी लागत नाही, प्रत्येक कंपनीची की वेगळी असते. आणि तालमीत बटण दाबल्यापासून मेनू यायला किती सेकंद लागतात ते मोजून फोनवर व्हॉइस नोट करून ठेवा. मेनू आला की काही मशिनवर बीप वाजतो, लॅपटॉपवर बऱ्याचदा वाजत नाही, म्हणून हा आकडाच कामाला येतो.

आर्चचा मेनू १५ सेकंद थांबतो आणि मग आपोआप न बोलणारा पहिला पर्याय सुरू करतो. तेवढ्यात खालचा बाण एकदा आणि एंटर, दुसरा पर्याय बोलणारा आहे. मिनिट दोन मिनिटं शांतता असते, घाबरून कीज दाबू नका. मशिनमध्ये एकापेक्षा जास्त साउंड कार्ड असतील (एचडीएमआयचं धरून हल्ली असतातच) तर एकेका कार्डावरून पाळीपाळीने आवाज दिला जातो, तुम्हाला ऐकू आला आणि बीप झाला की एंटर दाबा. मग थेट कमांड टाइप करायची जागा येते, पासवर्ड वगैरे काही नाही.

स्पीकअप नंबरपॅडवर चालतो, नमलॉक बंद पाहिजे. ८ वर आत्ताची ओळ, ७ वर मागची, ९ वर पुढची. ४, ५, ६ वर शब्द आणि १, २, ३ वर अक्षरं, क्रम तसाच, मागचं, आत्ताचं, पुढचं. नंबरपॅडचा एंटर दाबला की बडबड थांबते, प्लसवर पूर्ण स्क्रीन वाचली जाते. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर साधा यूएसबी कीबोर्ड घेऊन पेनड्राइव्हबरोबरच ठेवा.

आता फाइल्स काढायच्या. कमांड मी अक्षरं सुटी करून सांगते, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचं. पहिली कमांड, एल एस बी एल के, स्पेस, डॅश एल, स्पेस, डॅश ओ, स्पेस, आणि मग नेम, साइझ, एफ एस टाइप हे तीन शब्द मध्ये फक्त कॉमा देऊन, स्पेस न देता, आणि टाइपच्या आधीचे एफ एस त्यालाच जोडून. डॅश एल मुद्दाम आहे, ते नसेल तर झाडासारख्या रेघा येतात आणि ऐकायला नुसता गोंधळ होतो. यात जो सगळ्यात मोठा भाग एनटीएफएस म्हणून वाचला जाईल तो तुमचा विंडोजचा, नाव बहुतेक एनव्हीएमई झीरो एन वन पी थ्री असं काहीतरी, ते अक्षर अक्षर ऐकून घ्या. तिथे एनटीएफएसच्या जागी बिटलॉकर ऐकू आलं तर आधी क्रिप्टसेटअप नावाच्या कमांडने, रिकव्हरी की देऊन, कुलूप उघडावं लागतं.

मग तो भाग जोडून घ्यायला माउंट, स्पेस, डॅश ओ, स्पेस, आर ओ, स्पेस, स्लॅश डेव्ह (डी ई व्ही) स्लॅश ते नाव, स्पेस, स्लॅश एम एन टी. आर ओ म्हणजे फक्त वाचायचं, लिहायचं नाही. हे विसरू नका, बिघडलेल्या डिस्कवर चुकून काही लिहिलं गेलं तर पुढचं सगळं अवघड होतं. बाहेरची डिस्क आधीच एक्सफॅट करून ठेवलेली असेल तर बरं, ती आता लावा, पहिली कमांड परत देऊन तिचं नाव ऐका, एम के डी आय आर देऊन स्लॅश बाहेर नावाचं फोल्डर करा (बी ए एच ए आर) आणि ती तिथे माउंट करा, इथे आर ओ नको.

कॉपी करायला सी पी, स्पेस, डॅश आर, मग कुठून, मग कुठे. लिनक्सला मोठं यू आणि लहान यू वेगळं वाटतं, विंडोजचं यूजर्स फोल्डर मोठ्या यूने सुरू होतं, म्हणून सुरुवातीची दोन अक्षरं देऊन टॅब दाबा, बाकीचं तो भरतो. आणि शेवटी दोन अँपरसँड देऊन एको (ई सी एच ओ) झालं असं टाइप करा. कॉपी नीट संपली तरच ईस्पीक त्याच्या इंग्रजी उच्चारात झालं म्हणतो, तोवर तुम्ही चहा करू शकता. टक्केवारी दाखवणारे पर्याय मुद्दाम टाळा, दर सेकंदाला स्क्रीन बदलते आणि स्पीकअप बोलतच सुटतो. संपलं की यू माउंट (यूच्या नंतर एन नाही), स्पेस, स्लॅश बाहेर, आणि मग पॉवरऑफ.

डिस्कमधून टकटक येत असेल किंवा कॉपी मध्येच अडकत असेल तर सी पी लगेच थांबवा. फाइल्स एकेक करून काढत बसलात तर डिस्क जास्त झिजते. त्यापेक्षा त्याच पेनड्राइव्हवर डीडीरेस्क्यू आहे, त्याने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या मोठ्या डिस्कवर घ्या, डॅश क्यू लावून म्हणजे तो गप्प राहील, आणि मॅप फाइल द्यायला विसरू नका, लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं.

आवाजच आला नाही तर? नेटची वायर लावा. आर्चच्या आयएसओमध्ये एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने आत शिरायची सोय) चालूच असतं. न ऐकता पासडब्ल्यूडी टाइप करून एंटर, मग साधा पासवर्ड दोनदा, प्रत्येक वेळी एंटर. आता राउटरच्या पानावरून त्या मशिनचा आयपी बघा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने रूट (मुख्य यूजर) म्हणून आत शिरा, तिथे तुमचा एनव्हीडीए आहेच. मी एकदा भाच्याच्या मशिनवर असंच केलं, त्याचं साउंड कार्ड काही केल्या बोलत नव्हतं.

ज्यांना फक्त विंडोजची दुरुस्तीच करायची आहे त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने एक वेगळा पेनड्राइव्ह करून ठेवा. त्यावरून सुरू झालं की कंट्रोल, विंडोज की, एंटर दाबल्यावर नरेटर (विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर) बोलतो आणि स्टार्टअप रिपेअर वगैरे ऐकत करता येतं. प्रत्येक मशिनवर आवाज येईलच असं नाही, म्हणून याचीही तालीम आधीच. मी दोन्ही पेनड्राइव्ह एकाच डबीत ठेवते, आर्चवाल्याला दोऱ्याची गाठ मारलीये आणि विंडोजवाल्याला रबरबँड.