दर्शनी विटांची भिंत: सळी वेगळी, अँकर वेगळा

डिप्लोमा झाल्यावर बेळगावात टिळकवाडीतल्या एका बंगल्याच्या साइटवर मी रुजू झाले. आरसीसीची चौकट, तिच्यात एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत आणि पुढे इंचभर पोकळी सोडून अर्ध्या विटेची दर्शनी भिंत, असं ते काम होतं. ही पुढची भिंत स्लॅबचं ओझं घेत नाही, फक्त स्वतःचं वजन पेलते. पण वारा तिला ढकलतो आणि ओढतोही. मागच्या भिंतीला ती धरलेली नसेल, तर चार इंच जाडीची भिंत एकटीच उभी राहते.

दोन्ही भिंतींना जोडणारे धातूचे तुकडे, म्हणजे अँकर, बसवलेत का, असं मी मिस्त्रींना विचारलं. "दर तिसऱ्या थराला सळ्या टाकल्यात की, मॅडम!" माझं समाधान झालं, आणि चूक तिथंच झाली. थरातल्या 6 मिमीच्या सळ्या भिंतीला लांबीत बांधतात, तडे आवरतात. मागच्या भिंतीशी त्यांचा काही संबंध नसतो. तो जोड अँकरचा.

दोन पावसाळ्यांनंतर भिंतीची लांब बाजू पोट काढून पुढे आलेली दिसली. ओळंबा लावला, काही विटा काढल्या. सळ्या जागेवर होत्या. अँकर मात्र काही ठिकाणी नव्हतेच, आणि जिथे होते तिथे साधा प्लग ब्लॉकमधून हाताने निघत होता. एएसी मऊ असतो, त्याला त्याच्यासाठीच बनवलेला फास्टनर किंवा रेझिन (घट्ट होणारं चिकट रसायन) लागतं. आपल्याकडच्या जांभ्या दगडाचंही तसंच: आत पोकळ्या असतात, म्हणून चार-पाच अँकर ओढून पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नका. शेवटी विटांमधल्या सांध्यांतून भोकं पाडून स्टेनलेसचे पीळदार अँकर मागच्या भिंतीत रेझिनने बसवले, ओढून तपासले. भिंत पाडावी लागली नाही.

मोजणी कशी करायची, ते सांगते. अमेरिकन दगडी-वीटकामाच्या संहितेत साधारण पाव चौरस मीटरला एक अँकर धरतात, म्हणजे चौरस मीटरला चार. खिडकी-दाराच्या कडेला फूटभराच्या आत वेगळे अँकर हवेत. विटेच्या थरात अँकर निदान 38 मिमी शिरला पाहिजे, आणि बाहेरच्या तोंडापासून 16 मिमी माल (सिमेंट-वाळूचा मसाला) राहिला पाहिजे. आधी थर लावून मग अँकर वाकवून खुपसू नका. माल ओला असताना तो थरातच बसला पाहिजे.

पावसाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस आठवडेच्या आठवडे थांबत नाही आणि विटेतून पाणी आत येणारच. पोकळी त्यासाठीच असते. अँकर आतल्या बाजूला उतरता बसला, तर पाणी त्याच्यावरून थेट घरात जातं. सांडलेला माल पोकळीत साचला तरी तेच होतं. म्हणून दोरी बांधलेली लाकडी पट्टी पोकळीत ठेवायची आणि काही थरांनी वर ओढून माल काढायचा. तळाच्या थरातली पाणी जाण्याची भोकं उघडी ठेवा. हौशी मालक ती नंतर बुजवतात, त्यांना आधीच समजावून सांगा. अँकर स्टेनलेसचे मागा. पोकळीतला गंज बाहेरून दिसत नाही.

आणखी एक: भट्टीतून निघालेली वीट ओल घेऊन वर्षानुवर्षं किंचित वाढत राहते, काँक्रीटची चौकट आकसते. मजल्यावर भिंत पेलणाऱ्या लोखंडी अँगलखाली मऊ सांधा ठेवायचा तो यासाठी. तिथं घट्ट माल भरला, तर विटा चेपून फुटतात.

गवंडी बरेचदा कन्नड बोलतात. इट्टिगे म्हणजे वीट, गोडे म्हणजे भिंत, तंती म्हणजे तार. एवढं आलं की अण्णा स्वतःहून परांचीवर बोलावून दाखवतात. तेव्हा वर चढा आणि अँकर हाताने हलवून पाहा. पुढचा थर बसला की तो झाकला जातो. मी आता प्रत्येक थराचा फोटो शेजारी टेप धरून काढते आणि वहीत थराचा नंबर लिहिते.