हात थांबवू नका, काकू

गिटार खरं तर माझी नाही. लेकीनं अकरावीत हट्ट करून घेतलेली, आणि पुण्याला कॉलेजला जाताना कपाटावर ठेवून गेलेली. तीन वर्षं तिच्यावर जुनी चादर होती. मी मिरजेत पोस्टात काउंटरवर बसते. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती चादर काढली, त्याला आता दोन वर्षं होतील. या काळात मी काही मोठी वादक झालेले नाही, पण स्ट्रमिंग, म्हणजे उजव्या हातानं सगळ्या तारा छेडत ताल धरणं, ते मला जमतं. मला त्याला चार महिने लागले. त्यातले पहिले दोन मी बाण पाठ करण्यात घालवले, ते तुम्ही घालवू नका म्हणून हे लिहितेय.

बाण म्हणजे व्हिडिओत पडद्यावर येतात ते. खाली, खाली, वर, वर, खाली, वर. मी ते शाळेत पाढे पाठ करावेत तसे घोकले. तोंडानं बिनचूक यायचे. हात मात्र प्रत्येक बाणापाशी थांबायचा, आता काय म्हणून विचार करायचा आणि मग पुढे जायचा. शेजारचा बारावीतला मुलगा एकदा डबा परत द्यायला आला होता, तो दारातच थांबून ऐकत राहिला.

"काकू, पॅटर्न बरोबर आहे. पण हात थांबवू नका."

"अरे, नाही थांबवला तर नको तिथं लागतो."

"लागू दे की. पण थांबवू नका."

तेव्हा मला त्याचा राग आला. पटलं ते राखीपौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात. त्या दिवसांत पोस्टात पाकिटांचे ढीग असतात आणि शिक्के मारून मनगट भरून येतं. पॅड, पाकीट, पॅड, पाकीट. मध्येच दोन पाकिटं एकमेकांना चिकटून येतात, डाव्या हाताला पुढचं पाकीट सरकवायला उशीर होतो. अशा वेळी उजवा हात थांबत नाही. पाकिटाला न टेकता हवेतच एक फेरी मारतो आणि परत पॅडवर येतो. वीस वर्षं मी हे करत होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी शिक्का हातात धरूनच मी हसले. रांगेतल्या बाईंना वाटलं, त्यांच्या पाकिटावरच्या पत्त्याला हसले.

स्ट्रमिंग म्हणजे एवढंच आहे. हात सतत खाली-वर जात राहतो. पॅटर्न म्हणजे त्यातल्या कुठल्या फेरीला तारांना टेकायचं आणि कुठली हवेतून न्यायची, याची निवड. हात कुठं न्यायचा हा प्रश्नच नाही, तो जातोच आहे.

आधी थोडी तयारी. गिटार सुरात लावून घ्या. फोनवर फुकट ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारी ॲप, मिळतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. बेसूर गिटारवर ताल बरोबर असला तरी चुकल्यासारखा वाटतो आणि आपण उगाच हाताला दोष देत बसतो. तारा गंजलेल्या असतील तर बदला. पावसाळ्यात आमच्याकडे त्या लवकर काळ्या पडतात, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसल्या की जास्त टिकतात. आणि तारा फळीपासून फार उंच असतील तर डाव्या हाताची बोटं सोलून निघतील. मी भाग्यवान, मिरजेत राहते. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हाकेच्या अंतरावर तारांचं वाद्य कळणारा माणूस आहे. माझी गिटार एका सतार करणाऱ्यांना दाखवली. त्यांनी "हे आमचं काम नव्हे" म्हणत म्हणत घोडीवरची पांढरी पट्टी काढली, खालून जराशी घासून परत बसवली, तारा खाली आल्या, आणि चहा पाजला.

पिक, म्हणजे तारा छेडायची प्लॅस्टिकची छोटी चकती, पातळ घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं. मी काटकसर म्हणून मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापून पिक केलं होतं. कार्ड पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असतं आणि वाकत नाही. नवशिक्या हाताला ते तारांत अडकतं, आणि आवाज तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. दुकानात पिक दहा-वीस रुपयांत मिळतं, चार-पाच एकदमच आणा, हरवतातच. पकडायचं ते अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये, टोक जेमतेम चार-पाच मिलिमीटर बाहेर ठेवून. घट्ट धरलं तर हात आखडतो, सैल सोडलं तर पिक गिटारच्या पोटात जातं. गेलं तर गिटार उपडी करून हलवायची. माझी सासूबाईंसमोर दोनदा हलवून झाली आहे.

आता पहिला धडा. यात कॉर्ड, म्हणजे डाव्या हातानं तारा दाबून एकत्र वाजवायचे सूर, नाही. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती आडवी टेकवा, दाबू नका, म्हणजे सूर न निघता फक्त 'छक' असा आवाज येईल. उजवा हात मनगटातून सैल हलवा. हात धुतल्यावर टॉवेल सापडत नाही तेव्हा आपण पाणी झटकतो ना, तसा. कोपरातून हलवलात तर दोन मिनिटांत खांदा दुखेल. मग मोजा: १ अन् २ अन् ३ अन् ४ अन्. आकड्याला हात खाली, 'अन्'ला वर. पायानं आकड्यावर ठेका धरा, म्हणजे पाय आणि हात एकत्र खाली जातील. भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ असेल तर एका टिकेला एक आकडा घ्या. मिनिटाला साठ ठोके झाले, मेट्रोनोम, म्हणजे ठराविक लयीत टिकटिक करणारं यंत्र, लागत नाही. फारच संथ वाटेल. वाटू दे. संथ लयीत हात एकसारखा चालत राहणं जास्त अवघड असतं.

वर येताना सहाही तारा खरवडायच्या नाहीत. खाली जाताना पाच-सहा तारा, वर येताना फक्त खालच्या बारीक तीन, फार तर चार. वरचा फटका हलकाच हवा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझं स्ट्रमिंग महिनाभर किसणीवर नारळ खवल्यासारखं ऐकू येत होतं.

असं छक-छक रोज पंधरा मिनिटं, आठवडाभर. कंटाळा येईल, घरचे बोलतील. पण हा आठवडा गाळलात तर पुढं कधीतरी परत इथंच यावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात फेऱ्या गाळायला सुरुवात करायची. मी खालच्या फटक्याला 'धूं' म्हणते, वरच्याला 'चि', आणि हवेतून जाणाऱ्या फेरीला आडवी रेघ. एका आवर्तनात आठ जागा.

धूं – धूं – धूं – धूं –

हे सगळ्यात सोपं. चार वेळा खाली, आणि वर येताना हात हवेतून. 'सोपंच आहे' म्हणून हात खालीच थांबवून ठेवू नका, वर येऊ दे. मग:

धूं – धूं चि धूं – धूं चि

यावर निम्मी गाणी निभावतात. इथं हवं तर आठवडाभर मुक्काम करा. आणि मग तो सगळीकडे भेटणारा, बाणांतला:

धूं – धूं चि – चि धूं चि

हे तोंडानं दहादा म्हणा, मग मांडीवर हात फिरवत म्हणा, मग गिटारवर या. हात अडतो तो नेहमी एकाच ठिकाणी, पाचव्या जागी. तिथं ३ हा आकडा येतो, पाय खाली पडतो, हातही खाली जातो, पण तारांना लागायचं नाही. आणि लगेच त्याच फेरीत वर येताना लागायचं. इतकी वर्षं आपला हात पायाबरोबर ठोका द्यायला शिकलेला असतो, त्यामुळे तो तिथं टेकतोच, नाहीतर गोंधळून थांबतो. टेकला तर चालेल, थांबला तर नाही. सुरुवातीला मुद्दाम तो ठोका वाजवूनच घ्या, म्हणजे 'धूं – धूं चि धूं चि धूं चि', आणि मग हळूहळू पाचवा फटका इतका हलका करत न्या की एक दिवस पिक तारांवरून नुसतं निसटून जाईल. मला हाच मार्ग लागू पडला. बाण पाहून नाही.

सासूबाई भजनी मंडळात टाळ वाजवतात. त्या एकदा माझं ऐकून म्हणाल्या, "आठाचाच ठेका आहे की हा. पण मधला ठोका खातेस होय तू?"

"आई, तो खायचाच असतो यात."

"मग खा. पण मोजून खा."

एवढ्या शब्दांत मला एकाही व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या कानावर लहानपणापासून भजन पडलंय त्यांच्या अंगात आठ मात्रांचा केरवा असतोच, फक्त गिटार हातात घेतली की तो कुठंतरी पळून जातो. पॅटर्न चुकायला लागला की गिटार बाजूला ठेवून टाळ्यांवर ठेका धरा आणि वर 'धूं-चि' म्हणा. दोन मिनिटांत जागेवर येतं.

आता डावा हात. जी, सी, डी या कॉर्डच्या मागं पहिल्याच दिवशी लागलात तर उजव्या हाताचं सगळं शिकलेलं मातीत जाईल. दोन बोटांवर भागणाऱ्या दोन कॉर्ड घ्या. तारा मोजायच्या त्या बारीक तारेपासून, सगळ्यात बारीक ती पहिली; आणि फ्रेट म्हणजे फळीवरच्या आडव्या पट्ट्यांमधला एकेक घर. ई मायनर: पाचवी आणि चौथी तार, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर. मग तीच दोन बोटं त्याच फ्रेटवर एकेक तार खाली सरकवा, चौथी आणि तिसरी. याला ए सस टू म्हणतात. नाव विचित्र आहे, आवाज छान आहे. यात सगळ्यात वरची जाड तार टाळता आली तर बरं, लागली म्हणून काही बिघडत नाही. दोन आवर्तनं ई मायनर, दोन आवर्तनं ए सस टू.

कॉर्ड बदलताना हात थांबतो तो उजवा. डाव्याला उशीर होतो आणि उजवा सभ्यपणे त्याची वाट बघत बसतो. इथं परत चिकटलेली पाकिटं आठवा, उजव्यानं वाट बघायची नाही. डाव्याला थोडा वेळ काढून देण्याची युक्ती अशी की आवर्तनाच्या शेवटच्या 'चि'ला, म्हणजे चारनंतरच्या 'अन्'ला, डाव्या हाताची बोटं खुशाल उचला. तो एक हलका फटका मोकळ्या तारांवर पडतो आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. पुढच्या १ ला बोटं नव्या जागी. नाहीच पोचली तर अर्धवट कॉर्डवर १ वाजवा आणि पुढं चला. वाईट वाजलेला एक कोणी लक्षात ठेवत नाही, उशिरा आलेला एक सगळ्यांना टोचतो.

लय वाढवायची ती पाच-पाचानं. साठला तीन दिवस न अडखळता आलं की पासष्ट. इथून पुढं घड्याळ चालत नाही, फोनवर मेट्रोनोम घ्या. आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना आपल्याला वाटतं लय एकसारखी आहे. ऐकल्यावर कळतं की कॉर्ड बदलून झाल्याच्या आनंदात आपण पुढं पळालोय.

सहा मात्रांची गाणी आली, दादऱ्यातली, की वरचे पॅटर्न गुंडाळून ठेवा. सहाही फटके खाली, सावकाश, पहिला आणि चौथा वजनदार. सुरुवातीला एवढंच पुरतं. हे बसवायला माझ्याकडे घरचं साधन निघालं. पिनकोडला सहा आकडे. पहिले तीन टपाल कुठल्या विभागात जाणार ते सांगतात, पुढचे तीन कुठल्या पोस्टात पोचणार ते. तीन आणि तीन. मिरज: चार एक सहा, चार एक शून्य. पहिल्या 'चार'ला वजन, दुसऱ्या 'चार'ला वजन. तुमच्या गावाचा घ्या, कोणताही चालतो.

हे नुसतं गमतीचं नाही. वाजवता वाजवता गायचं म्हटलं की तोंड उघडताच हात गायब होतो, हे सगळ्यांचंच होतं. म्हणून गाण्याआधी बोलायला शिका. पॅटर्न चालू ठेवून आधी आकडे म्हणा, मग घरचा पत्ता, मग आज काय भाजी केली ते कोणाला तरी सांगा. हात न अडखळता पूर्ण वाक्य बोलता आलं की गाण्याची पहिली ओळ घ्या, आणि तीही चाल न लावता, नुसती वाचल्यासारखी. मी सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी असे पिनकोड म्हणत बसायचे. लेक दिवाळीला आली तेव्हा तिनं दारातच विचारलं, "आई, ऑफिस घरी आणलंस का?" मग गिटार मागून घेतली, ई मायनर धरला, आणि तिसऱ्या ठोक्याला तिचा हात थांबला.