फक्त माझ्याच ओळींवर पिवळी रेघ

आठव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, तेव्हा आई माझे संवाद पिवळ्या पेनाने रंगवून द्यायची. मी तेवढेच पाठ करायचे. समोरचा काय बोलतोय, ते आपली ओळ कधी येते हे कळण्यापुरतंच ऐकायचे. मोठेपणी पटकथा लिहायला लागल्यावर हीच सवय सर्वांत जास्त नडली. पहिल्या पटकथेत नायिका बोलायची आणि बाकीचे तिला वाक्यं पुरवायचे. एका दिग्दर्शकाने वाचून विचारलं, "या बाकीच्यांना काय हवंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तोच ड्राफ्ट मी प्रत्येक पात्राच्या बाजूने एकेकदा वाचला, दर वेळी त्याच्याच ओळी रंगवून. ज्यांना काढलं तरी गोष्टीचं काही अडत नव्हतं अशी तीन पात्रं निघाली. ती काढून टाकली. आजही पहिला ड्राफ्ट झाला की मी हेच करते.

सेटवरच्या बालपणाने दिलंही पुष्कळ. जिभेवर न बसणारं वाक्य किती रीटेक खातं, हे मी अंगावर घेतलंय, म्हणून प्रत्येक संवाद मोठ्याने म्हणून बघते. एका सीनमध्ये माझं पानभर बोलणं होतं. पडद्यावर उरली माझी नजर आणि एक वाक्य. तेव्हा रडले होते. आता तो सीन तसाच हवा होता, हे पटतं.

माझ्यासारखं बालकलाकार असून पटकथालेखनाकडे वळत असाल, तर लक्षात ठेवा: सेटवरच्या जुन्या ओळखीवर भेट मिळते, काम मिळत नाही. भेटीला जाताना एक पूर्ण लिहिलेली पटकथा हातात हवी, नुसती कल्पना नको. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. लघुपटापासून सुरुवात करा. सारा पॉली ही कॅनडाची एकेकाळची बालकलाकार, पुढे लेखिका-दिग्दर्शिका झाली. तिनेही आधी लघुपट केले. रूपांतरित पटकथेचं ऑस्कर तिला २०२३ मध्ये मिळालं.

आणि लहान मुलांचे सीन लिहाल तेव्हा जपून लिहा, हे माझं कळकळीचं सांगणं. कागदावर 'मुलगी रडते' असं असलं, की सेटवर त्या मुलीला कुणीतरी रडवतं. मला रडवलंय. म्हणून मी तसं लिहीत नाही. मी लिहिते, ती दप्तराची चेन लावतेय, चेन अडकलीय, आणि ती मान वर करत नाही.